दहिकाल्यापासून ‘वस्त्रहरणा’पर्यंत

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की गाभारा, कळस, दीपमाळ, सभामंडप यांचा विचार प्रथम होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दक्षिण कोकणातील देवालयाला आणखी एक अंग असते. ते नकाशात वेगळे दाखविलेले नसते आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावे रक्कम धरलेली नसते. देवासमोरची ती जागा, जेथे जत्रेच्या रात्री पालखी विसावल्यानंतर एक लाकडी बाकडे मांडले जाते. त्या बाकड्यावर पहाट होईपर्यंत कधी इंद्र बसतो, कधी दुर्योधन बसतो, आणि आख्यान फारच लांबले तर मागच्या अंगाला एखादा पेंगुळलेला बाळगोपाळही बसून घेतो. बाकडे तेच असते. इंद्र बसला की ते सिंहासन होते आणि तो उठला की पुन्हा बाकडे.

मराठी रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक माहीत नाही असा चाकरमानी शोधून सापडणे कठीण. हे नाटक म्हणजे नाटक बसविण्याचेच नाटक होय. गावकऱ्यांनी द्रौपदी-वस्त्रहरणाचा खेळ करावयाचे ठरविले, त्याच्या तालमी, तालमीतली भांडणे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाच्या रात्री उडालेली तारांबळ, एवढाच त्याचा विषय. पुष्कळांची अशी समजूत आहे की ही सारी मुंबईच्या नाटकवाल्यांची करामत. वस्तुतः त्या नाटकातील बहुतेक फजित्यांचे मूळ देवळाच्या अंगणात आहे. देणगीदार बंधुभगिनींनी ज्या वास्तूसाठी हात सैल सोडला, तिच्याशी या हसण्याचे नाते काय, ते समजून घेण्यासारखे आहे.

दशावतारी खेळ कोकणात केव्हा आला याविषयी एक हकीकत वारंवार सांगितली जाते. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी तो १७२८ साली कर्नाटकातून आणला, अशी ती हकीकत. श्यामजी नाईकांचे श्रेय कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त दशावतारी खेळणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख सापडतो, आणि समर्थ तर शिवकालातले. म्हणजे १७२८ च्या कितीतरी आधी हा खेळ लोकांच्या चांगल्या परिचयाचा होता, एवढे निश्चित. जुन्या दप्तरात असे होतच असते. सातबाऱ्यावर नाव एकाचे लागते आणि जमीन त्याच्या आधीपासून कोणीतरी कसत आलेला असतो.

पुढे सांगली संस्थानात कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी असे काही मराठीत करावे म्हणून विष्णुदास भावे यांना सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्यानिमित्त ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या त्या नाटकातही आरंभी सूत्रधार, गणपती, सरस्वती आणि विदूषक होतेच. दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात त्यात, गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, भटजी, ब्रह्मदेव, वेद पळविणारा संकासूर आणि त्याचा वध करणारा विष्णू अशी सोंगे येतात. दोन्ही ठिकाणची मंडळी एकाच कुळातली आहेत हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

आता या खेळाची व्यवस्था कशी चाले ते पाहिले पाहिजे, कारण खरी गंमत तेथेच आहे.

दशावतारी मंडळ्या या बहुतांशी घराण्यांच्या असत व आजही पुष्कळ तशाच आहेत. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर ही नावे कोकणात पोरासोरांना पाठ. वालावल कुडाळ तालुक्यात, मोचेमाड वेंगुर्ले तालुक्यात. नाव उच्चारले की गाव कळते आणि गाव कळले की घर. अमुक देवस्थानची जत्रा अमुक मंडळीकडे, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यासाठी कोणताही करारनामा नसतो. बाप जेथे इंद्र झाला तेथे मुलगा इंद्र होतो. त्याआधी तो काही वर्षे त्याच जागी स्त्रीपार्टी असतो, आणि त्याच्याही आधी कृष्ण असतो. एकच प्रेक्षक एकाच माणसाला कृष्ण, मग द्रौपदी, मग भीम आणि शेवटी भीष्म झालेला पाहतो, आणि आपलेही वय त्यावरून मोजतो.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळी घराबाहेर पडत. पूर्वी मोटारी नव्हत्या. पोशाखाचा पेटारा डोक्यावर घेऊन या गावाहून त्या गावाला पायी जावयाचे, रात्रभर खेळ करावयाचा, सकाळी दहीहंडी फोडून काला करावयाचा, थोडी झोप काढावयाची आणि पुन्हा वाटेला लागावयाचे. पेटारा म्हणजे मंडळीचे दैवत. त्यात टोप, भुजा, लुगडी, नकली केस, आणि गणपती. पेटारा उघडण्याआधी त्याची पूजा होते. मोबदला म्हणजे ठरलेली बिदागी, शिधा, नारळ आणि आरतीच्या ताटात पडेल ते. घरची बाई या प्रवासात कधी नसे. तिच्या वाट्याला मागे राहिलेले घर, शेती, आणि मंडळी परतल्यावर घामाने भिजलेली लुगडी धुऊन, फाटकी ठिगळून पुन्हा पेटाऱ्यात भरणे. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. पत्रिकाच नव्हती म्हणा.

रंगपट हा शब्द आता नाट्यगृहातल्या आरशाच्या खोलीला लावतात. दशावताराचा रंगपट म्हणजे देवळाच्या कडेची पडवी, धर्मशाळा, नाहीतर शाळेचा एखादा वर्ग. मध्ये पेटारा, त्यावर गणपती, भोवती सगळी मंडळी मांडी घालून. हातात वाटीएवढा आरसा. जो तो आपले तोंड आपणच रंगवितो. सफेता लावीत असतानाच मंडळीचा प्रमुख आजचे आख्यान सांगतो. राजा कोण, राक्षस कोण, कोणामागून कोणी प्रवेश करावयाचा, युद्ध केव्हा, शेवटी देव कोणत्या निमित्ताने यावयाचा. एवढेच. लिहिलेली संहिता नाही, पाठ केलेली भाषणे नाहीत. पात्र बाहेर गेले की जे सुचेल ते त्याने बोलावे, समोरच्याने त्याचे उत्तर द्यावे, आणि वेळ साधून हार्मोनियम व पखवाजाच्या साथीवर नाट्यपद म्हणावे.

ही पद्धत किती अवघड आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. आयत्या वेळी समोरचा नट कोणता पेच टाकील याचा नेम नसतो. पुराणातला एखादा अडचणीचा प्रश्न भर सभेत विचारून दुसऱ्याला शब्दात पकडावे, आणि त्याने तो डाव त्याच्यावरच उलटवावा, यात जुन्या नटांची रग असे, आणि प्रेक्षकही त्यासाठीच टपलेले असत. रंगपटात दोघांचे विडीवरून वाजले असेल तर त्याचा हिशेब राम-रावण होऊन चुकता केला जाई, आणि रसिकांना वाटे की आज युद्ध काय रंगले! आतले भांडण बाहेर आणि बाहेरचे आत, ही देवाणघेवाण दशावताराला नवी नाही.

एक गोष्ट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. या खेळात देव आणि राजे ग्रंथातल्यासारखे भारदस्त मराठी बोलतात. संकासूर मात्र मालवणी बोलतो. पूर्वरंगात तो भटजीची जी टर उडवितो ती घरच्या बोलीत. लोक खदखदून हसतात ते त्याला. म्हणजे गावची भाषा देवासमोर आली ती राक्षसाच्या तोंडून, आणि तेथेही ती हसविण्यासाठी. मुंबईच्या रंगभूमीवर काही निराळे घडले नाही. तेथे मालवणी बोलणारे पात्र म्हणजे घरगडी. ट्रे घेऊन आत यावे, एक वेडेवाकडे वाक्य बोलावे, हशा घ्यावा आणि निघून जावे. ज्या मुलखातून हजारो माणसे गिरण्यांत, गोद्यांत, छापखान्यांत आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत राबावयास गेली, त्या मुलखाच्या बोलीला नाटकात खुर्ची नव्हती.

दशावताराखेरीज दुसरा प्रकार म्हणजे गावच्या हौशी मंडळींचे नाटक. जत्रा, गणेशोत्सव, शिमगा, रामनवमी, निमित्त कोणतेही चालते. गोव्यातही देवळांच्या उत्सवांतून अशी नाटके करण्याची परंपरा आहे व तेथे रंगमंचावर उभे राहणे ही देवाची सेवाच समजली जाते. दशावतारी हा सरावलेला गडी. त्याला चुकायचे कसे हेही ठाऊक असते. हौशी मंडळींचे तसे नाही. येथे नाटक छापील, भाषणे लांबलचक, आणि पाठांतर दिवसभराची कामे आटोपून कंदिलाच्या उजेडात करावयाचे. त्यामुळे विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर हाच खरा नायक. त्याचा आवाज प्रेक्षकांना आधी ऐकू जातो आणि नटाला मागाहून. एखादा नट तर त्याने सांगितलेली कंसातली सूचनाही खड्या आवाजात म्हणून मोकळा होतो.

पण पाठांतराची अडचण ही त्यामानाने किरकोळ. खरी अडचण पात्रवाटपाची. देवळात बारा-पाचांचे मान ठरलेले आहेत. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी वाढवायचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, याला पूर्वापार नियम आहे, आणि तो मोडला तर प्रकरण कोर्टापर्यंत जाते. नाटकात असा नियम नाही. तेथे धर्मराज कोणी व्हावे? ज्याचा आवाज चांगला त्याने, की ज्याने पडद्यासाठी पैसे दिले त्याने? बांधाच्या वादात अडकलेल्या दोघांपैकी एकाला कृष्ण आणि दुसऱ्याला शिशुपाल केले तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. वाडीवाडीतले वैर, भाऊबंदकी, वर्गणीचा हिशेब, सारे तालमीत येऊन बसते. अंगणातल्या बैठकीचेही तसेच. कोण पुढे, कोण मागे, कोणी कुंपणाबाहेर उभे राहून पाहावयाचे, हे पूर्वी जातीवर ठरत असे. त्या आठवणी सुखद नाहीत. पण जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत त्या गाळल्या तर इतिहास अपुरा राहील.

हे सारे पोटात घेऊन गंगाराम गवाणकर यांचे नाटक जन्मले. गवाणकर हे राजापूर तालुक्यातील माडबनचे, म्हणजे श्यामजी नाईक काळ्यांच्याच तालुक्यातले. पोटापाण्यासाठी ते मुंबईस गेले. गावात नाटक बसविताना होणारे गोंधळ त्यांनी कागदावर उतरविले. आरंभी त्या लेखनाचे नाव होते ‘आज काय नाटक होवचा नाय’. हे नाव ज्याला समजावून सांगावे लागेल त्याने गावात नाटक पाहिलेले नाही. पडदा अडकला, बत्ती गेली, दुःशासन पिऊन आला, पेटीवाला रुसला, की कोणीतरी मागून हे वाक्य म्हणतोच. आणि तरीही नाटक होते. दोन तास उशिरा होते, भलतेच होते, पण होते.

पुढे त्याचेच ‘वस्त्रहरण’ झाले. रमेश रणदिवे यांनी ते बसविले, मच्छिंद्र कांबळी यांनी तात्या सरपंचाची भूमिका केली, आणि १९८० साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणजे जिल्ह्याच्या आधी नाटक आले. आरंभी प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच होता. मालवणी बोलीतले अख्खे नाटक दादर-गिरगावचा प्रेक्षक पैसे देऊन का पाहील, ही शंका रास्त होती. नंतर पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला व मोकळ्या मनाने दाद देणारे पत्र लिहिले. त्या पत्रानंतर नाटकाने असा वेग घेतला की पुढे ते थेट लंडनला जाऊन आले.

या नाटकात हसू येते ते कशाचे? महाभारतातली पात्रे भारदस्त मराठी बोलावयास जातात आणि मध्येच पाय घसरून मालवणीत पडतात, त्याचे. राजा राजासारखा बोलता बोलता गावचा इसम होतो, आणि तो इसम राजापेक्षा अधिक खरा वाटतो. दशावतारात देव मराठी आणि संकासूर मालवणी अशी जी वाटणी होती, ती येथे पार मोडली. सगळेच मालवणी, आणि मराठी हे पोशाखासारखे अंगावर चढविलेले. पोशाख उसना असला की तो कोठे घट्ट होतो तर कोठे ढगळ, तसे ते. शिवाय तात्या सरपंच. देवळातल्या सर्व मानकऱ्यांचे गुणदोष एकट्यात असलेला हा गृहस्थ दरडावतो, समजूत काढतो, मध्येच खेळ थांबवितो, आणि काही झाले तरी नाटक पार पाडल्याशिवाय राहत नाही.

वस्त्रहरणासारखा करुण प्रसंग थट्टेचा विषय केला म्हणून कोणी गावकरी रागावल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण असे, की दशावतार पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम दिसत असतात. बाकड्याजवळ उभी असलेली द्रौपदी ही साक्षात द्रौपदी आहे, आणि सकाळी हाच गडी लुगडे सोडून विडी ओढीत चहाच्या दुकानात बसणार आहे. तिने कृष्णाचा धावा केला की बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो. तिच्या मिशीची निळसर छटा त्यांना दिसत नसते असे नव्हे.

आता नाटकातल्या गाऱ्हाण्याविषयी. देवळातले गाऱ्हाणे म्हणजे काय ते येथील वाचकांस सांगण्याचे प्रयोजन नाही. परगावच्या देणगीदारांसाठी एवढेच, की देवासमोर उभे राहून गावकर किंवा गुरव घरच्या बोलीत देवाला हाक मारतो, गावाचे दुखणेखुपणे, पीकपाणी, मुंबईतली लेकरे त्याच्या पायावर घालतो, आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. मच्छिंद्र कांबळी यांनी ‘वस्त्रहरणा’त गाऱ्हाणे घातले आणि मुंबईच्या नाट्यगृहात खुर्च्यांवर बसलेल्या प्रेक्षकांतून तोच होकार उठू लागला. रंगमंचावर विनोद चालला आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तरी पुष्कळांचे हात नकळत जोडले जात. गाव सुटून वीस-वीस वर्षे झालेल्या माणसाला आपल्या देवाशी आपल्या बोलीत बोललेले ऐकावयास मिळाले, ते तिकीट काढून.

कांबळी हे मालवण तालुक्यातील रेवंडीचे. रेवंडीची देवी श्रीभद्रकाली. त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली तिचे नाव ठेवले भद्रकाली. शिवाजी मंदिरच्या फलकावर, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत, एका लहानशा गावच्या देवीचे नाव दररोज छापले जाऊ लागले. ‘चाकरमानी’, ‘पांडगो इलो रे बा इलो’ अशी आणखी मालवणी नाटके या संस्थेने केली, आणि ‘वस्त्रहरणा’चे प्रयोगही चालूच राहिले. ३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळींचे निधन झाले. तेव्हा पुष्कळांना वाटले, आता हे बंद पडणार. तसे झाले नाही. पत्नी कविता कांबळी आणि चिरंजीव प्रसाद कांबळी यांनी संस्था पुढे चालविली. दशावताराचा पेटारा जसा बापाकडून मुलाकडे येतो तशीच ही मुंबईतली मंडळीही घरातच राहिली. फरक एवढाच, की येथे घरच्या बाईचे नाव निर्माती म्हणून जाहिरातीत छापून आले. कोकणाकडेही अशी उदाहरणे आहेत. नेरूरचे श्रीदेव कलेश्वर यांच्या नावाने चालणारे दशावतारी मंडळ कलिंगण घराण्याचे. बाबी कलिंगण, त्यांचे पुत्र सुधीर, आणि २०२२ साली सुधीर कलिंगण गेल्यावर त्यांचे पुत्र सिद्धेश. येथेही मंडळाचे नाव ग्रामदैवताचे.

‘वस्त्रहरणा’ला आक्षेप नव्हते असे मात्र नाही. मालवणी म्हणजे शिव्या आणि थट्टा, असा लोकांचा समज या नाटकाने पक्का केला, असे कित्येक मालवणी माणसेच म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नाटक चालले म्हणून त्याच्या नकला निघाल्या, आणि नकलांना गाऱ्हाण्यातला भाव न उचलता येऊन फक्त शिव्याच उचलता आल्या. या बोलीत माणसे रडतात, अंगाई म्हणतात, मर्तिकाला बसतात, हे त्या नकला पाहून कोणास कळणार नाही. पण त्याचा दोष मूळ नाटकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्या नाटकातला गाव वेडाबागडा आहे, पण तो नालायक नाही. नाटकात ज्यांची फजिती होते तेच लोक प्रेक्षागारात बसून सर्वांत मोठ्याने हसत होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हे प्रेक्षक कोण होते? परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोड येथल्या चाळींतून राहणारे. एकेका खोलीत दहा-दहा गडी पाळीपाळीने झोपत, आणि त्यांतच गावाच्या नावाने मंडळे स्थापन करीत. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि पुष्कळांना ती नोकरी पुन्हा कधी मिळालीच नाही. मनीऑर्डरी आटल्या, तशी देवळांची कामेही अर्ध्यावर थांबली. अशा दिवसांत गावच्या देवळासाठी पैसा कोठून आणावयाचा? त्यावर या मंडळांनी एक तोड पूर्वीपासून काढलेली होती. चालते नाटक एक रात्रभर ठोक पैसे देऊन विकत घ्यावयाचे, तिकिटे आपण खपवावयाची, आणि उरलेली रक्कम गावी पाठवावयाची. देवळाचे छप्पर, शाळेची खोली, स्मशानाची वाट, अशी कितीतरी कामे कोकणात या मदतीच्या प्रयोगांनी उभी केलेली आहेत. मालवणी नाटके या कामी विशेष उपयोगी पडत, कारण तिकीट विकावयास जाणाऱ्याला नाटक कसे आहे ते सांगत बसावे लागत नसे. एका खोलीत दार वाजविले की चार तिकिटे जात. देवळाच्या अंगणातून उचललेले हसू मुंबईत विकले गेले आणि त्याचे पैसे चिरे-चुना-सिमेंट होऊन देवळाकडेच परत आले, असा हा हिशेब जमेस जमा, खर्चास खर्च बरोबर जुळतो.

जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्यांस या हिशेबातून एक-दोन व्यावहारिक गोष्टी सुचतात. त्या नमूद करून ठेवणे अवश्य आहे. लाकडी खांबांचा व नळ्यांच्या किंवा मंगलोरी कौलांचा जुना मंडप जाऊन त्या जागी सिमेंटचा स्लॅब येतो, तेव्हा मजबुती वाढते यात शंका नाही. परंतु स्लॅबखाली आवाज घुमतो. देवाची आरती त्यात चांगली वाटते, पण दशावतारी नटाचे बोलणे मागच्या रांगेला कळत नाही. मग लाऊडस्पीकर येतो, आणि माईकच्या काठीला बांधलेला नट बाकड्याभोवती फिरू शकत नाही. गुळगुळीत फरशी पायांना बरी, पण घामाने ओल्या झालेल्या पायांनी युद्ध खेळणारा भीम तीवर घसरतो. भीम पडला तर हशा होतो, पण त्याचा गुडघा खराच फुटतो. बऱ्याच ठिकाणी देवळाकडेची पडवी पाडून तेथे कार्यालय किंवा कपाटांची खोली केली जाते, आणि मग जत्रेच्या रात्री मंडळींनी तोंड रंगवावयास कोठे बसावे हा प्रश्न उभा राहतो. त्यातच अलीकडे महिलांचीही दशावतारी मंडळे निघाली आहेत. त्यांना पडदा लावलेली स्वतंत्र जागा लागेल. ती पूर्वीच्या पडवीत नव्हतीच, कारण पूर्वी द्रौपदीला तिची गरज नव्हती.

तेव्हा मंडपाचे काम पुरे होण्याआधी दोन खोल्या, एक पाण्याचा नळ, दिव्याचा एक स्वतंत्र जोड, आणि अंगणाचा मधला भाग फरशी न घालता तसाच ठेवणे, एवढे केल्यास फारसा जादा खर्च येणार नाही. बाकडे मात्र नवे करू नये. जुने बाकडे अद्याप मजबूत असेल तर त्याचा एक पाय तेवढा बसवून घ्यावा.